गाठ, केळी आणि पेशीचे फाटक



७ फेब्रुवारीला आमच्या वस्तीतल्या विहारात माता रमाई जयंतीचा कार्यक्रम झाला. त्रिसरण-पंचशील झाले, मुलींची भाषणे झाली, खीर वाटून झाली. भांडी घासायला आम्ही चार-पाच जणी मागे थांबलो होतो. तेवढ्यात आमच्या एका जुन्या कार्यकर्त्या बंधूंच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणते, हळूच जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही इस्पितळाच्या लॅबमध्ये होता ना? मग एक सांगा. केळं खाल्लं तर चालतं का हो?"

मी हसले. म्हटले, "वहिनी, खीर खाल्ली, आता केळंही खा. कुणी अडवलंय?"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या पुतण्याने मोबाईलवर आलेले एक कात्रण त्यांना वाचून दाखवले होते. पोटॅशियममुळे स्तनाचा कॅन्सर वाढतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे म्हणे. केळ्यात पोटॅशियम, नारळपाण्यात पोटॅशियम, बटाट्यात आणि टोमॅटोत पोटॅशियम. तीन आठवड्यांपासून वहिनींनी हे सगळे सोडले होते. आमटीतला टोमॅटोसुद्धा त्या वेचून बाजूला काढीत होत्या.

माणूस उगीच केळे सोडत नाही. मी खोदून विचारले, तेव्हा त्यांनी मला पुस्तकांच्या कपाटाआड नेले. डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ. दिवाळीत अभ्यंगस्नानाला तेल लावताना हाताला लागली होती. दुखत नाही. घरात कुणालाही सांगितलेले नाही. "मुलाच्या रिक्षाचे हप्ते चालू आहेत, सून पोटुशी आहे. कशाला त्यांच्या डोक्याला ताप?" असे त्या म्हणाल्या.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तीन महिने होऊन गेले. केळे सोडायला कुणाला विचारावे लागत नाही, पैसे लागत नाहीत, कामावर खाडा पडत नाही. म्हणून केळे सुटले आणि दवाखाना राहून गेला.

वहिनींनी विचारलेला प्रश्न मात्र खुळा नव्हता. त्या कात्रणामागे खरे संशोधन आहे. ते नीट समजून घेतले तर केळ्याची भीती जाईल आणि जिथे घाई करायला हवी तिथे घाई होईल, म्हणून या खेपेला हाच विषय घेतला आहे. मी डॉक्टर नाही. ज्यांच्या कामाविषयी वाचले, ऐकले आणि थोडेफार पाहिले, तेवढेच सांगते.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. तो स्निग्ध, म्हणजे तेलकट असतो. तेलात मीठ टाकून पाहा, विरघळत नाही. तसेच मिठासारखे क्षार या पडद्यातून सरळ आत-बाहेर जाऊ शकत नाहीत. पोटॅशियम हा असाच एक क्षार. पेशीच्या आत तो खूप आणि बाहेर अगदी थोडा. आतले प्रमाण बाहेरच्या तीसपटींच्या आसपास. सोडियमचे, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठातल्या मुख्य घटकाचे, याच्या उलट: बाहेर जास्त, आत कमी. हा फरक आपोआप राहत नाही. इमारतीच्या टाकीत पाणी चढवायला पंप लागतो, तसा पेशीच्या पडद्यात पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. रात्रंदिवस हेच काम. आपण झोपलेलो असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपावर खर्च होतो.

आत एवढे पोटॅशियम भरून ठेवले, तर ते बाहेर पडायलाही वाट हवी. ती वाट म्हणजेच पोटॅशियम चॅनेल. आपण त्याला फाटक म्हणू.

आपल्यापैकी ज्यांच्या घरातले कुणी गिरणीत होते त्यांना फाटक म्हणजे काय ते सांगायला नको. भोंगा झाला की फाटक उघडायचे, पाळी सुटायची, दुसरी पाळी आत जायची. बिल्ला असेल त्यालाच प्रवेश. पेशीचे फाटकही असेच बिल्ला पाहणारे आहे. सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान असतो, तरी पोटॅशियमच्या फाटकातून तो जाऊ शकत नाही. लहान असून का अडतो, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. अमेरिकेतील रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली एका जिवाणूतल्या फाटकाची रचना कणाकणाने मांडून दाखवली, तेव्हा ते उलगडले. फाटकाच्या अरुंद जागी ऑक्सिजनच्या कणांची कडी असतात, ती नेमकी पोटॅशियमच्या मापाची. अंगावरचे पाणी झटकून पोटॅशियम त्यात चपखल बसतो. सोडियम सैल पडतो आणि मागे राहतो. एवढी पारख करूनही एका फाटकातून सेकंदाला सुमारे दहा कोटी कण जाऊ शकतात! मॅकिनन यांना यासाठी २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९७६ साली जर्मनीतील एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी काचेच्या केसाएवढ्या नळीने एकेका फाटकातून जाणारी वीज मोजून दाखवली होती. त्यांना १९९१ साली नोबेल मिळाले.

वीज म्हटल्यावर दचकू नका. पोटॅशियमचा कण बाहेर जाताना आपल्याबरोबर धन विद्युतभार नेतो, त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋण होते. मज्जातंतूच्या पेशीत हा दाब सत्तर मिलिव्होल्टच्या आसपास असतो. घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलच्या साधारण एकविसावा भाग. जिवंत माणसाची प्रत्येक पेशी ही अशी इवलीशी बॅटरी आहे.

आता कॅन्सरकडे येऊ.

ज्या पेशी पूर्ण वाढून आपापले काम करत असतात, उदाहरणार्थ मेंदूच्या आणि स्नायूंच्या, त्यांची बॅटरी भरलेली असते. ज्या पेशी सारख्या दुभंगत असतात त्यांची बॅटरी उतरलेली असते. कॅन्सरच्या पेशी बहुधा या दुसऱ्या गटात मोडतात. पण बॅटरी नुसती उतरलेली असून भागत नाही. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर त्या तयारीत एक क्षण असा येतो की पोटॅशियमची फाटके उघडतात, आतला ऋण भार वाढतो आणि मगच पेशी पुढच्या टप्प्यात पाऊल टाकते. पाळी बदलायचा भोंगाच म्हणा.

हे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीतच पाहिले गेले आहे. अमेरिकेत डेट्रॉइट येथील एका कॅन्सर संस्थेत एका ६९ वर्षांच्या ख्रिस्ती जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून मिळवलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले आणि १९७३ साली ते जाहीर झाले. त्या बाई कॅन्सरने गेल्या, पण त्यांच्या पेशींचा वंश जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतो आहे. एमसीएफ-७ हे त्या पेशींचे नाव. स्तनाच्या कॅन्सरविषयी आज जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे या एका बाईच्या पेशींनी शिकवले आहे.

१९९५ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातील संशोधकांनी या पेशींवर क्विनिडिन टाकून पाहिले. क्विनिडिन म्हणजे हिवतापावरच्या क्विनाइनचे सख्खे भावंड. दोन्ही सिंकोना झाडाच्या सालीतून येतात. क्विनिडिन पोटॅशियमची फाटके बंद करते. ती बंद होताच पेशी मेल्या नाहीत, पण दुभंगायच्या थांबल्या. अगदी पहिल्या टप्प्यावरच अडकून बसल्या. औषध धुऊन टाकले की पुन्हा कामाला लागल्या! म्हणजे फाटक आणि वाढ यांचा संबंध योगायोगाचा नव्हता.

पुढची गोष्ट एका माशीपासून सुरू होते. फळांवर घोंघावणारी बारीक माशी ईथरने बेशुद्ध केली, तर एका विशिष्ट जातीच्या माशीचे पाय थरथर नाचू लागत. १९६० च्या दशकातल्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी गमतीने तिच्या जनुकाला त्या वेळच्या हॉलिवूडमधील एका नाचाच्या क्लबवरून नाव दिले: ईथर-आ-गो-गो. पुढे कळले की हे पोटॅशियमच्या एका फाटकाचेच जनुक आहे, आणि माणसातही ते आहे. निरोगी प्रौढ माणसात हे फाटक मुख्यतः मेंदूत आढळते. पण १९९९ साली जर्मनीत गटिंगेन येथे लुइस पार्डो, वाल्टर श्ट्यूमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते एमसीएफ-७ या स्तनाच्या पेशीत सापडले. मेंदूचे फाटक स्तनात काय करते आहे? त्यांनी ते फाटक बनू न देण्याची व्यवस्था केली, तर पेशींची वाढ मंदावली. उलट साध्या पेशीत ते मुद्दाम घालून त्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना टोचल्या, तर गाठी झाल्या.

२००३ साली आणखी एक फाटक पकडले गेले. त्याच्या जनुकाचे नाव केसीएनके-९. अमेरिकन संशोधकांनी स्तनाच्या गाठींचे नमुने तपासले, तेव्हा दर शंभरातील दहा गाठींत या जनुकाच्या अनेक जादा प्रती झालेल्या होत्या, आणि चव्वेचाळीस गाठींत हे फाटक प्रमाणाबाहेर बनत होते. ज्या पेशींत ही फाटके जास्त, त्या प्राणवायू कमी पडला तरी तग धरत. गाठीच्या पोटात रक्तवाहिन्या धड पोचत नाहीत. तिथे प्राणवायूची नेहमीच टंचाई. अशा ठिकाणी चिवट पेशीच टिकणार हे उघड आहे.

फाटके उघडल्याने कॅन्सरच्या पेशीला नेमके काय मिळते? एक तर आतला ऋण भार वाढला की बाहेरचे कॅल्शियम आत ओढले जाते, आणि पेशीच्या दृष्टीने कॅल्शियम म्हणजे "चला, कामाला लागा" असा हुकूम. दुसरे, पोटॅशियम बाहेर गेले की त्यामागून पाणीही जाते आणि पेशी आकसते. दाटीवाटीतून अंग चोरून पुढे सरकायचे असेल तर आकसता आले पाहिजे. गर्दीच्या लोकलमध्ये आपण तेच करतो. स्तनातली पेशी हाडापर्यंत पोचते ती अशा वाटांनी. फ्रान्समधील तूर शहराच्या संशोधकांनी पोटॅशियमचे एक फाटक आणि कॅल्शियमचे एक फाटक जोडीने काम करून उंदरांमध्ये स्तनाचा कॅन्सर हाडाकडे नेतात, हे २०१३ साली दाखवले.

एवढे सगळे कळले आहे, तर फाटकाला कुलूप घालणारी गोळी का नाही, असे तुम्ही विचाराल. माझ्या मुलीनेही हेच विचारले.

माणसाच्या शरीरात पोटॅशियमच्या फाटकांचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत आणि ते काही कॅन्सरसाठी बनलेले नाहीत. त्या नाचऱ्या माशीच्या जनुकाचे एक भावंड आपल्या हृदयात आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची बॅटरी पुन्हा जागेवर आणण्याचे काम ते करते. ते अडले तर ठोक्यांची लय बिघडते, माणूस चक्कर येऊन पडतो, प्रसंगी जीव जातो. अस्टेमिझोल नावाचे औषध होते, शिंका आणि अंगावरचे पित्त यांवरचे. ते दोन्ही फाटके बंद करते. मेक्सिकोतील संशोधकांनी प्रयोगशाळेत त्याने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखून दाखवली आहे. पण हृदयाच्या याच धोक्यामुळे अमेरिकेत ते १९९९ साली बाजारातून मागे घेतले गेले होते. गाठीचे फाटक बंद करायचे आणि हृदयाचे उघडे ठेवायचे, हे साधेपर्यंत गोळी निघणार नाही.

आणि प्रकरण एकाच बाजूचे नाही. काही प्रयोगांत हृदयातल्या त्याच जातीचे फाटक बंद करण्याऐवजी जास्त उघडून ठेवले, तेव्हाही स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबली. भोंगा वेळेवर झाला तर पाळी बदलते. दिवसभर वाजतच राहिला तर गिरणी बंदच पडायची.

फाटकावर चालणारी औषधे मुळीच नाहीत असे मात्र समजू नका. तुमच्या घरात एखाद्याला मधुमेह असेल आणि तो ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेत असेल, तर ती गोळी स्वादुपिंडातले पोटॅशियमचेच फाटक बंद करून इन्सुलिन बाहेर पाडते. बाटलीतल्या एमसीएफ-७ पेशींवर ग्लिबेनक्लामाइडचाही प्रयोग झालेला आहे. म्हणून कुणी सासऱ्याची साखरेची गोळी गाठीसाठी घेऊ लागेल, तर साखर एकदम उतरून बेशुद्ध पडेल आणि गाठ तिथेच राहील. काचेच्या ताटलीत औषध हवे तेवढे दाट करता येते, माणसाच्या रक्तात येत नाही.

आता केळे. कात्रणात मूळ शब्द "पोटॅशियम चॅनेल" असा असणार. वाचता वाचता, सांगता सांगता "चॅनेल" गळले आणि नुसते पोटॅशियम उरले. सगळा घोटाळा एवढ्या एका शब्दाचा. गिरणीचे फाटक नादुरुस्त झाले तर कामगारांचा डबा बंद करून ते दुरुस्त होत नाही. दोष फाटकाच्या संख्येत आणि उघडझापीत आहे, आणि ती ठरते पेशीतल्या जनुकांवरून. मोठ्या माणसाच्या शरीरात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते, जवळजवळ सगळे पेशींच्या आत. एका केळ्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. रक्तातले प्रमाण मूत्रपिंडे साडेतीन ते पाच या मर्यादेत धरून ठेवतात. लॅबमध्ये मी वर्षानुवर्षे हे आकडे पाहिले आहेत. केळे खाल्ल्याने ते हलत नाहीत आणि सोडल्यानेही नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर गोष्ट वेगळी. त्यांना डॉक्टर स्वतःच पथ्य सांगतात. बाकी दिवसभर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने स्वस्तातले चांगले अन्न सोडून अशक्त व्हावे, याला काहीच आधार नाही.

कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण विहारात किती वेळा ऐकला आहे. तो काय फक्त पोथ्यापुराणांपुरता आहे? मोबाईलवर आलेल्या कात्रणालाही तो लागू आहे. आपल्या वस्तीत आता अंगारा कुणी लावत नाही याचा आपल्याला अभिमान आहे, पण "सात दिवसांत गाठ विरघळवणारे" चूर्ण विकत घेणारी घरे मला ठाऊक आहेत.

आता फाटकाचीच एक गोष्ट सांगते, जी प्रयोगशाळेतून निघून खऱ्या बायकांपर्यंत पोचली आहे, आणि तीही आपल्या परळमधून. ज्या परळ-लालबागच्या भोंग्यांवर आमच्या वडिलांची घड्याळे लागत, तिथेच १९४१ सालापासून टाटा मेमोरियल रुग्णालय उभे आहे. त्यांच्या पुढाकाराने २०११ ते २०२२ या काळात भारतातील अकरा कॅन्सर केंद्रांत सोळाशे स्त्रियांवर एक चाचणी झाली. इथे फाटक पोटॅशियमचे नव्हे, त्याच्या शेजारच्या सोडियमचे. दात काढताना हिरडी बधिर करायला सुई देतात ना, ते लिग्नोकेन औषध सोडियमची फाटके बंद करते. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेले हे जुने, स्वस्त, कुणाची मक्तेदारी नसलेले औषध. गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटे आधी ते गाठीभोवती टोचले. निम्म्या स्त्रियांना टोचले, निम्म्यांना नाही. बाकी उपचार सारखेच. पाच वर्षांनी टोचलेल्यांपैकी शंभरात सुमारे ९० जणी जिवंत होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६. रोग परतला नाही अशांचे प्रमाण ८६.६ विरुद्ध ८२.६. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध केले. गाठीला चाकू लागतो तेव्हा उधळून बाहेर पडू पाहणाऱ्या पेशींना हे औषध गप्प करत असावे, असा त्यामागचा तर्क आहे. फाटके बंद होणे हेच कारण की आणखी काही, यावर काम चालू आहे.

शंभरात चार हा आकडा छोटा वाटेल. ज्या चार घरांत आई परत आली त्यांना विचारा.

पण यातली एक अट नजरेआड करू नका. ही सुई शस्त्रक्रियेच्या टेबलावर, सर्जनच्या हातून, आणि ज्यांची गाठ सुरुवातीलाच काढण्याजोगी होती अशा स्त्रियांना दिली गेली. गाठ वाढून कातडी फोडू लागली, काखेत गोळे धरले, हाडात गेली, मग या सुईचा प्रश्नच उरत नाही. फाटकांचे विज्ञान उद्या कितीही पुढे गेले तरी ते दवाखान्याच्या दारात वेळेवर आलेल्या बाईच्याच उपयोगी पडणार.

आणि वेळेवर येण्यासाठी फार मोठी यंत्रे लागत नाहीत. १९९८ साली टाटा रुग्णालयानेच मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. डॉक्टर नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी निम्म्या वस्त्यांत घरोघर जाऊन हाताने स्तन तपासत. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण आमच्या वहिनी छप्पन्न वर्षांच्या आहेत.

न दुखणारी गाठ, काखेतला गोळा, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, यांतले काहीही दिसले तर दाखवायचे. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा समज आपल्यात सर्वांत जास्त घातक ठरला आहे. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात हे खरे, पण आपली कोणती ते बोटांनी ठरत नाही. त्यासाठी सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. सुईशिवाय उपचारच ठरवता येत नाही. कॅन्सर निघालाच तर रिपोर्टात ईआर, पीआर, हर-२ अशी अक्षरे असतील. त्यांवरून कोणते औषध लागू पडेल ते कळते. पोटॅशियमच्या फाटकांची तपासणी अजून नेहमीच्या रिपोर्टात नसते, ती नाही म्हणून कुणी घाबरू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांची सोय आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे.

एक गोष्ट बोलू की नको असे झाले होते, पण बोलते. रमाईची जयंती करताना आपण तिच्या सोसण्याची गाणी गातो. रमाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी गेली. तिने गोवऱ्या थापल्या, मुले गमावली, उपाशी राहिली, कारण तेव्हा पैसा नव्हता. पण तिचे सोसणे गाता गाता, बाईने सोसलेच पाहिजे असे आपल्या घरातल्या बायकांच्या मनावर कोरले जात नाही ना? त्या दिवशी व्यासपीठावरून सोसण्यावर चार भाषणे झाली आणि वहिनी गाठ घेऊन खाली सतरंजीवर बसल्या होत्या.

भांडी तशीच ठेवून मी वहिनींबरोबर त्यांच्या घरी गेले. मुलाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग आईवरच चिडला, "मला आधी का नाही सांगितलंस?" रिक्षाचा हप्ता एक महिना पुढे ढकलता येतो, हे त्याने दुसऱ्याच दिवशी चौकशी करून आणले. सोमवारी पहाटे तो स्वतःच आईला रिक्षातून घेऊन गेला. सून हट्टाने बरोबर गेली. रांगेत साडेचार तास गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासले, छातीचा एक्स-रे आणि मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा घेतला. गाठ अजून दोन सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि सरकते आहे, काखेत हाताला काही लागत नाही, असे त्या म्हणाल्या. वहिनींनी त्यांनाही केळ्याचे विचारलेच.

"माझं नाव घालू नका, पण लिहा. दुसरीही कुणी केळं सोडून बसली असेल," असे वहिनींनी मला सांगितले, म्हणून लिहिले. तुकड्याचा रिपोर्ट येत्या गुरुवारी मिळायचा आहे. मी बरोबर जाणार आहे.

जयभीम.